झहीर खानला हॉल ऑफ फेम मिळावे का?

आयसीसीचे हॉल ऑफ फेम 2009 साली सुरू झाले. 2025 पर्यंत त्यात अकरा भारतीयांची नावे लागली: बिशनसिंग बेदी, कपिल देव, सुनील गावसकर, अनिल कुंबळे, राहुल द्रविड, सचिन तेंडुलकर, विनू मंकड, वीरेंद्र सेहवाग, डायना एडलजी, नीतू डेव्हिड आणि महेंद्रसिंग धोनी. फलंदाज आहेत, फिरकीपटू आहेत, यष्टिरक्षक-कर्णधार आहे. वेगवान गोलंदाज मात्र एकटा कपिल, आणि तोही अष्टपैलू. निव्वळ वेगवान गोलंदाजीच्या बळावर आत गेलेला भारतीय अजून नाही.

त्या जागेसाठी पहिले नाव निघते ते झहीर खानचे. 15 ऑक्टोबर 2015 रोजी तो निवृत्त झाला. हॉलसाठी निवृत्तीनंतर पाच वर्षे जावी लागतात. ती 2020 मध्येच पूर्ण झाली. त्यानंतर दरवर्षी नावे जाहीर होतात आणि झहीर बाहेरच राहतो. याबद्दल कुणी फार आवाजही करत नाही, कारण त्याचे आकडे दोन्ही बाजूंना बोलतात. 92 कसोटींत 311 बळी, सरासरी 32.94. 200 एकदिवसीय सामन्यांत 282 बळी, सरासरी 29.43. हे आकडे टाकाऊ नक्कीच नाहीत, पण बघताक्षणी दार उघडावे असेही नाहीत. काठावरचा उमेदवार म्हणतात तो हाच.

आमच्या सटाण्यात हा विषय निघाला की निकाल आधीच लागलेला असतो. झहीरचे श्रीरामपूर काही परके गाव नाही. मालेगाव, मनमाड, येवला, कोपरगाव ओलांडले की पुढे तेच, दौंड-मनमाड लोहमार्गावरचे तालुक्याचे ठिकाण. इकडे कांदा-डाळिंब, तिकडे ऊस, एवढाच काय तो फरक. टर्फची खेळपट्टी नाही, लेदर बॉलचे सामने मोजके, उन्हाळ्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा. अशा गावात मराठी शाळेत शिकलेला फोटोग्राफरचा मुलगा इंजिनिअरिंगची वाट सोडून मुंबईला जातो, नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईकांच्या हाताखाली तयार होतो, चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये डेनिस लिली आणि टी. ए. शेखर यांच्यासमोर गोलंदाजी करतो, मुंबईच्या संघात जागा दिसत नाही म्हणून बडोद्याकडून रणजी खेळतो. बडोद्याने 2000-01 ची रणजी जिंकली तेव्हा तो संघात होता, आणि तोवर भारताच्या संघातही पोचला होता. आमच्या बागलाण तालुक्यातल्या पोरांना हा प्रवास आपलाच वाटतो, मलाही वाटतो. पण तालुक्यातून आला म्हणून हॉल ऑफ फेम द्या, असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर त्याच्या गोलंदाजीचा अपमान होईल. त्याची बाजू मांडायची तर गोलंदाजीवरच मांडली पाहिजे.

आधी विरुद्ध बाजू, तिच्या पूर्ण वजनासह. आयसीसीने स्थापनेच्या वेळी गोलंदाजांसाठी एक मोजपट्टी दिली होती. कसोटी किंवा एकदिवसीय, दोन्हीपैकी एका प्रकारात किमान 200 बळी हवेत. स्ट्राईक रेट कसोटीत 50 आणि एकदिवसीय सामन्यांत 30. म्हणजे कसोटीत सरासरी दर पन्नास चेंडूंमागे एक बळी. झहीरला कसोटीत एका बळीसाठी साधारण साठ चेंडू लागले, एकदिवसीयमध्ये पस्तीस-छत्तीस. बळींची अट तो दोन्हीकडे सहज पार करतो, स्ट्राईक रेटची अट दोन्हीकडे चुकवतो. डावात पाच बळी त्याने 92 कसोटींत अकरा वेळा घेतले, सामन्यात दहा बळी एकदाच, 2010 मध्ये मीरपूरला बांगलादेशविरुद्ध. तिथेच 87 धावांत 7 बळी ही त्याची सर्वोत्तम कामगिरी झाली. बांगलादेशचा तेव्हाचा संघ पाहता ती कामगिरी फार पुढे करता येत नाही. शिवाय दुखापती. मांडीचा स्नायू, पाठ, घोटा. ऐन मोक्याच्या मालिकेत तो मैदान सोडून गेला, असे एकदाच झाले नाही.

आणि 23 मार्च 2003. जोहान्सबर्ग, विश्वचषकाचा अंतिम सामना. पहिल्याच षटकात पंधरा धावा, एकूण सात षटकांत 67, बळी एकही नाही. त्या स्पर्धेत त्याने 18 बळी घेतले होते हे लोक विसरले, ते षटक मात्र कुणी विसरले नाही.

या सगळ्याला उत्तर द्यायचे तर सुरुवात मोजपट्टीपासूनच करावी लागेल. पन्नासची अट काटेकोर लावली तर हॉलमधले किती गोलंदाज टिकतील? कपिलचा कसोटी स्ट्राईक रेट 64 च्या आसपास, कुंबळेचा 66, बेदींचा 80. कोर्टनी वॉल्शचा 58 च्या जवळ, मुरलीधरनचा 55. हे सगळे आत आहेत आणि आतच असायला हवेत. म्हणजे निवड करणाऱ्यांनी ती अट कधीच कुलपासारखी वापरली नाही. खेळाडूने काय केले, कुठे केले आणि कोणत्या ओझ्याखाली केले, हेही पाहिले. मग झहीरपुरतेच स्ट्राईक रेटचे कागद बाहेर काढण्यात अर्थ नाही.

मला सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो तो आकडा वेगळाच आहे, आणि तो चर्चेत क्वचितच येतो. झहीरने घरच्या मैदानांवर 38 कसोटींत 104 बळी घेतले, सरासरी 35.87. परदेशांत 54 कसोटींत 207 बळी, सरासरी 31.47. आता भारताचे आधीचे दोन मोठे वेगवान गोलंदाज बघा. कपिल: घरी 219 बळी 26.49 च्या सरासरीने, परदेशांत 215 बळी 32.85 ने. जवागल श्रीनाथ: घरी 108 बळी 26.61 ने, परदेशांत 128 बळी 33.76 ने. दोघेही भारतात झहीरपेक्षा कितीतरी सरस, आणि परदेशांत दोघेही त्याच्या मागे. झहीरची एकूण सरासरी फुगली ती घरी, जिथे डाव फिरकीवर चालायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी चेंडू हरभजन आणि कुंबळेच्या हातात असायचा. झहीरच्या वाट्याला नवा चेंडू आणि मग जुन्या चेंडूने एखाददुसरा रिव्हर्स स्विंगचा स्पेल.

भारतीय वेगवान गोलंदाजाची परीक्षा कुठे होते, हे आपण सगळे जाणतो. पन्नास वर्षे आपण तीच तक्रार करत आलो की बाहेर वीस बळी घेणारे हात आपल्याकडे नाहीत. त्या परीक्षेत हा गोलंदाज घरच्यापेक्षा चांगला ठरला. त्याच्या पिढीपर्यंतच्या भारतीयांत परदेशांतले बळी त्याच्याहून जास्त होते ते फक्त कुंबळे आणि कपिलचे. इथे प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की परदेशांत म्हणजे बांगलादेश आणि झिंबाब्वेही आले. पण ते वगळले तरी इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका उरतात, आणि झहीरची खरी कहाणी तिथलीच आहे.

ती कहाणी वूस्टरपासून सुरू होते. 2005-06 च्या हंगामात तो भारताच्या संघाबाहेर गेला. वेग कमी झाला होता, तंदुरुस्तीवर शंका होती, इरफान पठाण आणि श्रीशांत पुढे आले होते. 2006 च्या उन्हाळ्यात तो वूस्टरशायरकडून काउंटी खेळायला गेला. पदार्पणातच सामन्यात दहा बळी, एसेक्सविरुद्ध एका डावात 138 धावांत 9 बळी, आणि हंगामाअखेर चॅम्पियनशिपमध्ये 78 बळी. आठवड्यामागून आठवडा, थंडीत, रिकाम्या स्टँडसमोर केलेली ही मजुरी आहे. तिथे त्याने रनअप आखूड केला, शरीराला झेपेल असा. चेंडू सोडण्याच्या क्षणापर्यंत मुठीत झाकून न्यायला लागला, म्हणजे चकाकी कोणत्या बाजूला आहे ते फलंदाजाला दिसू नये. डावखुऱ्या फलंदाजाला अराऊंड द विकेट येऊन जाळ्यात ओढायचे, हे त्याने इतके घोटले की ते त्याच्या नावावरच जमा झाले. वर्षाअखेरीस दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर तो भारताकडून परतला तेव्हा गोलंदाज दुसराच होता. आधीच्या आणि नंतरच्या झहीरला एकाच सरासरीत कोंबणे ही त्याच्या आकड्यांची खरी अडचण आहे.

2007 चा इंग्लंड दौरा घ्या. ट्रेंट ब्रिजच्या दुसऱ्या कसोटीत पहिल्या डावात 59 धावांत 4, दुसऱ्या डावात 75 धावांत 5. तो फलंदाजीला आला असताना क्रीजवर कुणीतरी जेली बीन्स टाकले होते, तो चिडला आणि दुसऱ्या डावात तो राग गोलंदाजीत उतरला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मला त्या रागापेक्षा स्ट्रॉस आणि कुक या दोन डावखुऱ्या सलामीवीरांविरुद्धचा त्याचा बेत जास्त आठवतो. भारताने ती कसोटी सात गडी राखून आणि मालिका 1-0 अशी जिंकली. इंग्लंडमध्ये 1986 नंतरचा तो पहिला मालिका विजय. तीन कसोटींत झहीरचे 18 बळी. त्या मालिकेत समोरच्या संघातून जेम्स अँडरसन हे सगळे बघत होता. चेंडू झाकून नेण्याची कला आपण झहीरकडे बघून शिकलो, हे अँडरसनने पुढे मोकळेपणाने सांगितले. कसोटीत सातशेवर बळी घेणारा वेगवान गोलंदाज ज्याच्याकडून काही उचलतो, त्याचा खेळावरचा ठसा केवळ स्वतःच्या बळींनी मोजता येत नाही.

आता दुखापतींचा मुद्दा. तो त्याच्याविरुद्ध मांडला जातो, पण मला त्यात त्याचीच किंमत दिसते. डिसेंबर 2010 मध्ये सेंच्युरियनला झहीर खेळला नाही आणि भारत डावाने हरला. डर्बनला तो परतला, दोन्ही डावांत तीन-तीन बळी घेतले आणि भारताने 87 धावांनी कसोटी जिंकली. लक्ष्मणची 96 धावांची खेळी आणि हरभजनचा पहिल्या डावातला स्पेल तितकेच मोलाचे होते, सगळे श्रेय झहीरला देणे चूक ठरेल. पण नव्या चेंडूने दक्षिण आफ्रिकेची वरची फळी हलवणारा माणूस संघात आल्यावर खेळ बदलला, हे दिसते. पुढच्या जुलैत लॉर्ड्सवर पहिल्या दिवशी 13.3 षटकांत 18 धावा देऊन 2 बळी घेतल्यावर त्याचा मांडीचा स्नायू गेला. तो मैदानाबाहेर गेला आणि भारत ती मालिका 4-0 ने हरला. इतर कारणेही होती, संघ थकलेला होता. तरी त्या उन्हाळ्यात ज्यांनी टीव्हीसमोर बसून सामने बघितले त्यांना आठवत असेल, झहीर गेल्यावर भारताचा मारा कसा पोरका झाला होता.

विश्वचषक हा त्याच्या दाव्याचा दुसरा मोठा आधार. 23 सामन्यांत 44 बळी, सरासरी वीसच्या आसपास. श्रीनाथलाही 44 च बळी मिळाले, पण 34 सामन्यांत. 2023 मध्ये मोहम्मद शमीने मागे टाकेपर्यंत हा भारताचा विक्रम होता. 2011 च्या विश्वचषकात झहीर आणि शाहिद आफ्रिदी यांनी प्रत्येकी 21 बळी घेतले, स्पर्धेत सर्वाधिक. अंतिम सामन्यात वानखेडेवर त्याचा पहिला स्पेल पाच षटकांचा: तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. शेवटच्या पाच षटकांत मात्र त्याने 54 धावा दिल्या. हेही सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे पहिलाच स्पेल सांगण्याची सवय आहे.

त्या स्पर्धेत त्याच्या हातात एक नवे अस्त्र होते, नकल बॉल. बोटे दुमडून, पेरांच्या आधाराने सोडलेला संथ चेंडू. हाताचा वेग तोच, चेंडू मात्र मागे राहतो. उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या माईक हसीचा त्रिफळा त्याने असाच उडवला. हा चेंडू मुळात बेसबॉलचा. अमेरिकेत फिल नीक्रो नावाच्या पिचरने नकल बॉलच्या जोरावर 318 सामने जिंकले, तरी कूपरस्टाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये जायला त्याला पाचव्या मतदानापर्यंत, 1997 पर्यंत थांबावे लागले.

काठावरच्या उमेदवाराचा वाद अमेरिकेत किती गंभीरपणे घालतात, हे आपल्याला पाहण्यासारखे आहे. तिथे बेसबॉलचे पत्रकार मत देतात, 75 टक्के मते लागतात. जॅक मॉरिसची गोष्ट झहीरच्या फार जवळची. 254 विजय, पण दर नऊ इनिंगमागे 3.90 धावा, हॉलच्या मानाने जास्त. त्याच्या बाजूने सांगितली जायची ती 1991 च्या वर्ल्ड सिरीजची सातवी, निर्णायक लढत: त्याने एकट्याने दहा इनिंग टाकल्या आणि एकही धाव दिली नाही. पंधरा वर्षे पत्रकारांच्या मतदानात तो अपुरा पडला, शेवटी 2018 मध्ये वेगळ्या समितीने त्याला आत घेतले. आकडेवाल्यांनी तेव्हा विचारले की एका रात्रीवर कारकीर्द तोलायची का? प्रश्न रास्त होता. म्हणूनच झहीरची बाजू मांडताना मी 2011 च्या एका स्पेलवर विसंबणार नाही. तसे केले तर जोहान्सबर्गचे षटकही मोजावे लागेल. त्याची बाजू 54 परदेशी कसोटींवर आणि तीन विश्वचषकांवर उभी राहते.

आणखी दोन नावे या वादात येतातच. श्रीलंकेचा चामिंडा वास: 355 कसोटी बळी 29.58 च्या सरासरीने, एकदिवसीयमध्ये 400. तोही डावखुरा, तोही बाहेरच. माझ्या मते वासचा दावा झहीरइतकाच भक्कम आहे, आकड्यांत तर थोडा वरचढच. पण वास बाहेर आहे म्हणून झहीरने बाहेर राहावे, हे मला पटत नाही, दोघांनाही घ्यावे. दुसरे नाव न्यूझीलंडचा डॅनियल व्हेटोरी, 2025 मध्ये आत गेलेला. 362 कसोटी बळी, सरासरी 34.36. त्याने साडेचार हजार कसोटी धावाही केल्या आणि संघाचे नेतृत्व केले, त्यामुळे त्याची निवड योग्यच आहे. फक्त तेहतीसची सरासरी झहीरच्या वाटेतली भिंत म्हणून दाखवली जाते, तेव्हा व्हेटोरीचा आकडा समोर ठेवावा.

इशांत शर्माचेही 311 बळी, तेही 105 कसोटींत आणि किंचित कमी सरासरीने. मग इशांत का नाही, असे विचारणारे भेटतात. उत्तर एकदिवसीय क्रिकेटमध्ये आहे, विश्वचषकात आहे, आणि माऱ्याचा म्होरक्या कोण होता यातही आहे. मिड-ऑफला उभा राहून झहीर तरुण गोलंदाजाला चेंडूमागून चेंडू सांगत असायचा, आणि त्या तरुणांत इशांतही होता.

हॉलचे दार महाराष्ट्रातल्या इतर गोलंदाजांसाठी आणखीच अरुंद आहे, ते इथे थोडक्यात नोंदवतो. सुभाष गुप्ते: 36 कसोटींत 149 बळी, गॅरी सोबर्स त्यांना आपण पाहिलेला सर्वोत्तम लेगस्पिनर मानत. दोनशे बळींची अट त्यांच्या काळातल्या मोजक्या कसोटींत कोण पुरी करणार? पद्माकर शिवलकर: प्रथम श्रेणीत 589 बळी, सरासरी 19.69, 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर 16 धावांत 8 आणि 18 धावांत 5 बळी, भारताची टोपी कधीच नाही. मार्च 2025 मध्ये ते गेले. आणि पळवणकर बाळू: पुण्याच्या जिमखान्यावर मैदानाची कामे करता करता नेटमध्ये गोलंदाजी करणारा दलित तरुण, 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा. खेळाच्या इतिहासावर मूलभूत परिणाम करणाऱ्यालाही हॉलमध्ये घेण्याची तरतूद आहे, आणि बाळूंपेक्षा मोठा परिणाम भारतात कोणत्या गोलंदाजाने केला, हे मला कुणी सांगावे. या तिघांची प्रकरणे झहीरपेक्षा वेगळी आहेत, कारण त्यांच्यासाठी नियमच वाकवावे लागतील.

स्ट्राईक रेटची अट इतरांना काटेकोर लावली नाही हे धरले, तर झहीरसाठी कोणताही नियम वाकवावा लागत नाही. बळींची अट पूर्ण, निवृत्तीची अट पूर्ण, स्ट्राईक रेट हॉलमधल्या कपिल आणि कुंबळेपेक्षा चांगला, परदेशांतली सरासरी कपिल आणि श्रीनाथपेक्षा चांगली. हॉलमध्ये आज ॲलन डेव्हिडसन आणि वसिम अक्रम हे डावखुरे वेगवान गोलंदाज आहेत. झहीर त्यांच्या तोडीचा नाही, ते दोघे फार वर आहेत. पण हॉल ऑफ फेम फक्त सर्वोच्च दोघांसाठी नसते. तसे असते तर त्यात शंभरावर माणसे नसती.

मत देणाऱ्यांत हॉलमधले हयात खेळाडूही असतात. 2025 च्या तुकडीत धोनीबरोबर मॅथ्यू हेडन आणि ग्रॅमी स्मिथ आत गेले. कुमार संगकारा 2021 पासून आहे. तिघेही डावखुरे, तिघांनाही झहीरने पुन्हा पुन्हा बाद केले. स्मिथ तर कसोटी आणि एकदिवसीय मिळून दहापेक्षा जास्त वेळा त्याच्या हाती सापडला. त्या चेंडूंची किंमत सरासरीच्या तक्त्यापेक्षा स्मिथला जास्त ठाऊक आहे. पुढच्या मतदानात त्याने, संगकाराने आणि धोनीने झहीरचे नाव लिहावे, अशी माझी मागणी आहे.